नाताळांतील हवापालट

डिसेंबरच्या एकवीस-बावीस तारखेस लंडन शहरांत सूर्य सकाळीं आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि दुपारीं चार वाजण्यापूर्वींच मावळतो. आठ तासांचाहि दिवस पदरांत पडत नाहीं, आणि जेवढा पडतो तेवढ्यांत सूर्याचें दर्शन होईलच अशी खात्री नसते. स्टॉकहोमला तर दिवस सहा तासांवर येऊन ठेपतो. नाताळचा सण नेमका याच सुमारास येतो. घर सजवावयाचें असतें, आप्तेष्टांसाठीं भेटी आणावयाच्या असतात, टर्की भाजावयाची असते. आणि हें सर्व चाललें असतां घर उबदार ठेवण्याचा खर्च रोज वाढत असतो. अशा दिवसांत एखाद्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांत, बहुधा नोव्हेंबरांतील एखाद्या झिमझिम पावसाच्या संध्याकाळीं, कोणीतरी विचारतें, "यंदाचा नाताळ कोठेंतरी उन्हांत केला तर?" आणि पाठोपाठ दुसरें कोणी विचारतें, "पण परवडेल का?"

हवापालट ही कल्पना मराठी श्रोत्यांना नवी नाहीं. वैशाखाच्या उन्हानें जीव कासावीस झाला कीं ज्यांना ऐपत असते तीं माणसें महाबळेश्वर किंवा माथेरान गांठतात. उत्तर युरोपांतील माणूस याच्या उलट्या दिशेनें पळतो. त्याला गारवा घरींच हवा तेवढा मिळतो. विकत घ्यावें लागतें तें ऊन. आणि तें चार ते सहा तासांच्या विमानप्रवासांत, पगारदार माणसाच्या खिशाला झेपेल अशा किंमतींत कोठें मिळेल, या प्रश्नाला इंग्लंड, जर्मनी, स्वीडन, नॉर्वे इत्यादि देशांत गेल्या साठ-पासष्ट वर्षांपासून एक ठरलेलें उत्तर आहे. तें म्हणजे कॅनरी बेटें.

अटलांटिक महासागरांत, आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर पसरलेला हा स्पेनच्या मालकीचा द्वीपसमूह. मोठीं बेटें सात. २०१८ पासून ला ग्रासिओसा या चिमुकल्या बेटालाहि आठव्याचा मान मिळाला आहे. त्यांपैकीं फ्वेर्तेव्हेंतुरा हें बेट आफ्रिकेपासून अवघें १०० किलोमीटरांच्या आसपास, तर राजधानी माद्रिद १,७०० किलोमीटरांहून दूर. कायदा, चलन आणि इस्पितळें युरोपचीं, ऊन मात्र आफ्रिकेचें, असा हा दुर्मिळ योग आहे. कॅनरी पक्ष्यावरून या बेटांना नांव पडलें असें पुष्कळांना वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. पक्ष्याला बेटांचें नांव मिळालें. आणि प्लिनी या रोमन ग्रंथकाराच्या सांगण्यावर विश्वास ठेवावयाचा तर बेटांना तें तेथील थोराड कुत्र्यांवरून पडलें. लॅटिन भाषेंत कुत्र्याला 'कॅनिस' म्हणतात.

नकाशावर पाहिलें तर हीं बेटें विषुववृत्ताच्या उत्तरेस २८ अंशांवर, म्हणजे जवळजवळ दिल्लीच्या ओळींत आहेत. पण दिल्लीला जूनमध्यें भट्टी पेटते आणि डिसेंबरच्या रात्रीं शेकोटी लागते. ग्रान कनारिया बेटावरील लास पाल्मास शहरांत मात्र नाताळच्या दिवसांत दुपारचें तापमान २२ अंशांच्या आसपास आणि रात्रींचें १६-१७ अंश असतें. ऐन ऑगस्टांतहि तें सहसा २७ अंशांच्या फारसें वर चढत नाहीं. याचें श्रेय दोन गोष्टींना आहे. ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे हवा सतत खेळती ठेवतात, आणि उत्तरेकडून येणारा थंड सागरी प्रवाह बेटांना वेढून जातो. शेजारच्या सहाराची धग समुद्राच्या या पडद्यामुळें अडते. कधीं कधीं वारा फिरतो, वाळवंटांतील धूळ आकाशभर पसरते आणि दोन-तीन दिवस सारें कांहीं पिवळसर दिसूं लागतें. तेथील लोक या हवेला 'कालिमा' म्हणतात. पाहुण्यांना ती आवडत नाहीं, पण ती टिकतहि नाहीं.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पहिल्या खेपेस जाणाऱ्या कित्येकांची फसगत तिच्यामुळें होते. हीं बेटें ज्वालामुखींनीं घडविलेलीं आहेत आणि त्यांतील मोठ्या बेटांना उंच डोंगर आहेत. तेनेरिफे बेटावरील तेइदे हा पर्वत ३,७१५ मीटर उंच आहे. साऱ्या स्पेनमध्यें त्याहून उंच शिखर नाहीं. ईशान्येचे ओले वारे डोंगराच्या उत्तरेकडील उतारावर आदळतात आणि तेथें ढगांचा थर धरून राहतो. त्या बाजूला हिरवीगार रानें, केळीच्या बागा आणि जुनीं सुंदर गांवें आहेत. डोंगराच्या पाठीमागें, दक्षिणेला, कोरडा ठणठणीत मुलूख. मुंबईंत जुलै महिन्यांतील एखाद्या मुसळधार दिवसांत पडावा तितका पाऊस तेथें वर्षभरांत पडतो. एकाच बेटावर, एकाच दुपारीं, उत्तर किनाऱ्यावरील माणूस स्वेटर घालून बसलेला असतो आणि दक्षिण किनाऱ्यावरील माणूस उघड्या अंगानें वाळूंत लोळत असतो. तेव्हां ज्याला नाताळांत हमखास ऊन हवें त्यानें बेट कोणतें हें विचारण्यापूर्वीं बेटाची बाजू कोणती हें विचारावें. समुद्राचें पाणी डिसेंबरांत २० अंशांच्या जवळपास असतें. इंग्रजाला तें सुखाचें वाटतें. कोंकणांतील माणूस पाय घालून लगेच मागें घेईल.

परंतु ऊन आहे एवढ्यानें एखादें ठिकाण स्वस्त होत नाहीं. तें स्वस्त कसें झालें याची हकीकत हवामानापेक्षांहि मनोरंजक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या बेटांवर हिवाळा काढावयास प्रथम आले ते आजारी इंग्रज. क्षयाच्या रोग्याला कोरड्या, सौम्य हवेंत पाठविण्यापलीकडे त्या वेळच्या वैद्यकाजवळ फारसा उपाय नव्हता. ऑलिव्हिया स्टोन ही लेखिका १८८३ सालीं पतीसह येथें आली, खेंचरावर बसून बेटामागून बेट हिंडली आणि १८८७ सालीं तिनें आपलें दोन खंडांचें प्रवासवर्णन प्रसिद्ध केलें. तीन वर्षांत, म्हणजे १८९० सालीं, तेनेरिफेच्या उत्तर किनाऱ्यावर 'ताओरो' आणि लास पाल्मास येथें 'सांता कातालिना' अशीं दोन मोठीं हॉटेलें उघडलीं. इंग्रजांनीं आपलें प्रार्थनामंदिर बांधलें, आपला ग्रंथसंग्रह थाटला आणि आपली स्मशानभूमिहि राखून ठेवली. रोगी बरे होऊनच परततील अशी खात्री त्यांनाहि नसावी. अॅगाथा ख्रिस्ती ही रहस्यकथालेखिका १९२७ सालीं मनाच्या अत्यंत विकल अवस्थेंत आपल्या मुलीला घेऊन येथें आली होती, आणि अर्धवट राहिलेली कादंबरी तिनें येथेंच पुरी केली.

ही श्रीमंतांची चैन सामान्यांच्या आवाक्यांत आणण्याचा पहिला उद्योग केळ्यांनीं केला. आल्फ्रेड जोन्स नांवाचा लिव्हरपूलचा एक जहाजमालक होता. पश्चिम आफ्रिकेकडे ये-जा करणाऱ्या त्याच्या आगबोटी कोळसा घेण्यासाठीं कॅनरी बेटांवर थांबत. परततांना त्यांत केळीं भरून इंग्लंडांत विकावीं हें त्यानें ओळखलें. आणि जहाजांतील खोल्या रिकाम्या जाण्यापेक्षां थोडक्या भाड्यांत प्रवासी न्यावे, त्यांना उतरावयास आपलेंच हॉटेल असावें, हेंहि ओळखलें. रिकामी जागा विकण्याची ही युक्ति ध्यानांत ठेवण्याजोगी आहे, कारण पुढील साऱ्या स्वस्ताईचा पाया तीच आहे. केळीं आणि टोमॅटो यांच्या या व्यापाराची एक खूण लंडनमध्यें अजून उभी आहे. ज्या 'कॅनरी व्हार्फ' भागांत आज बँकांचे काचेचे मनोरे आहेत, तेथें १९३६ च्या सुमारास या बेटांकडील फळांचीं जहाजें लागण्यासाठीं धक्का बांधला होता. नांव त्या धक्क्याचें.

बेटांवरील शेतकऱ्याला मात्र एका मालावर सारें संसार टांगून ठेवण्याची संवय फार जुनी. सोळाव्या शतकांत ऊस होता; तो ब्राझील आणि वेस्ट इंडीजच्या उसापुढें टिकला नाहीं. मग मद्य आलें; शेक्सपिअरच्या नाटकांतील पात्रें ज्या 'कॅनरी'ची तारीफ करतात तें हेंच. त्याचीहि बाजारपेठ गेली. एकोणिसाव्या शतकांत निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यापासून किरमिजी रंग काढण्याचा धंदा भरभराटला. जर्मनी-इंग्लंडांतील रसायनशाळांनीं कृत्रिम रंग तयार करतांच तोहि कोसळला. दर वेळीं माल पडला कीं माणसें जहाजांत बसून क्यूबाला, आणि पुढें व्हेनेझुएलाला गेलीं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपासमारीच्या दिवसांत तर परवान्याशिवाय, शिडाच्या जुनाट होड्यांतून, अटलांटिक ओलांडून गेलेलीं कुटुंबें होतीं. व्हेनेझुएलाला बेटांवरील लोक 'आठवें बेट' म्हणत. ला ग्रासिओसाला तो मान सरकारनें देण्याच्या कितीतरी आधीं.

अशा बेटांवर १९५७ सालच्या २४ डिसेंबर रोजीं, म्हणजे बरोबर नाताळच्या आदल्या दिवशीं, ग्रान कनारियाच्या गांदो विमानतळावर स्वीडनच्या ट्रान्सएअर कंपनीचें एक विमान ५४ प्रवासी घेऊन उतरलें. हे प्रवासी रोगी नव्हते आणि धनिकहि नव्हते. विमानाचें भाडें, राहणें आणि जेवण यांचा एकत्र दाम भरून, बर्फांतून उठून ऊन पाहावयास आलेले ते सामान्य स्वीडिश लोक होते. बेटावरील आजच्या पर्यटनाचा आरंभ त्या विमानापासून मोजतात.

सारा प्रवास एकरकमी विकण्याची ही पद्धत त्या वेळीं कोवळी होती. व्लादिमिर राइट्झ या लंडनच्या माणसानें १९५० सालीं कॉर्सिका बेटाची सहल साडेबत्तीस पौंडांत विकली, ती इंग्लंडांतील अशा विमानसहलींची सुरुवात समजतात. १९५९ सालीं स्पेननें आपल्या पेसेटाचें मूल्य उतरविलें, एका डॉलरला ४२ ऐवजीं ६० पेसेटा मिळूं लागले, आणि पाहुण्याच्या दृष्टीनें स्पेन रातोरात स्वस्त झाला. १९६२ सालीं ग्रान कनारियाच्या दक्षिण टोंकाला, जेथें टोमॅटोच्या शेतांपलीकडे केवळ वाळूच्या टेंकड्या होत्या, तेथें वसाहतीचें बांधकाम सुरू झालें. इंग्रज सरकारनें १९६६ सालीं परदेशीं नेण्याच्या रकमेवर दरडोई ५० पौंडांची मर्यादा घातली, ती १९७० पर्यंत चालली. तीहि अप्रत्यक्षपणें अशा सहलींच्या पथ्यावरच पडली, कारण बिछाना आणि जेवण यांचे पैसे घरींच भरून टाकले कीं खिशांतील थोडक्या पौंडांत पंधरवडा निभत असे. तेनेरिफेच्या दक्षिणेला १९७८ सालीं नवा विमानतळ झाला आणि उन्हाची बाजू सरळ युरोपशीं जोडली गेली.

आतां रिकाम्या जागेच्या युक्तीकडे वळूं. उन्हाळ्यांत भूमध्य समुद्राच्या कांठीं माणसें वाहून नेणारीं शेंकडों विमानें हिवाळ्यांत बेकार होतात, कारण मायोर्का किंवा ग्रीस येथें डिसेंबरांत पाऊस आणि गारठा असतो. विमान जमिनीवर उभें राहिलें तरी त्याच्या कर्जाचे हप्ते चुकत नाहींत. म्हणून खर्च भागून थोडें उरलें तरी तें कॅनरीकडे पाठविणें मालकाला फायद्याचें. तेंच विमान नवी तुकडी उतरवितें आणि आठवड्यापूर्वींची जुनी तुकडी घेऊन परततें. रिकामी फेरी अशी मोसमाच्या पहिल्या नि शेवटच्या दिवशींच होते. हॉटेलांतील खोल्या कंपन्यांनीं कित्येक महिने आधीं शेंकड्यांनीं ठरवून ठेवलेल्या असतात. त्यांत भर म्हणून करांची सवलत. १८५२ सालीं हीं बेटें खुलीं बंदरें म्हणून जाहीर झालीं, तेव्हांपासून त्यांची करपद्धति मुख्य भूमीहून वेगळी राहिली आहे. स्पेनमध्यें मालावर साधारणतः २१ टक्के विक्रीकर बसतो, तर बेटांवर ७ टक्के.

म्हणजे परवडतें काय? परवडतें, पण नाताळ या शब्दाचा अर्थ थोडा सैल धरावा लागतो. या बेटांचा हिवाळा हाच तेजीचा काळ आहे, आणि त्यांतहि शाळांची सुटी लागल्यापासून नव्या वर्षाच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेपर्यंत भाव शिगेला पोंचतात. डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीचा दुसरा आठवडा गांठला तर तेंच ऊन, तीच खोली आणि तोच समुद्र पुष्कळ कमी दामांत मिळतो. मुलांच्या शाळेचें बंधन ज्यांना नाहीं अशीं निवृत्त जोडपीं हें पुरतें जाणून आहेत. ज्यांना २५ तारखेलाच तेथें असावयाचें आहे त्यांनीं उन्हाळ्यांतच जागा ठरवाव्या. हॉटेलाऐवजीं स्वयंपाकघरासह खोल्या घ्याव्या. आणि दर ठरवितांना नाताळच्या रात्रीचें खास भोजन त्यांत धरलें आहे कीं तें सक्तीनें वेगळें आकारणार, हें लेखी विचारून घ्यावें. कांहीं हॉटेलांत या एका जेवणाचा आकडा पाहून पाहुण्याच्या तोंडची चव जाते. संध्याकाळसाठीं एखादें लोकरी वस्त्र न्यावें. तेइदेच्या माथ्यावर बर्फ पाहण्याची हौस असेल तर चांगला कोटहि न्यावा.

२०२२ च्या हिवाळ्यांत, युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणानंतर युरोपांत गॅस भडकला, तेव्हां घर तापविण्यापेक्षां महिनाभर उन्हांतच जाऊन राहणें बरें असा हिशेब वर्तमानपत्रांतून मांडला जाऊं लागला. तो हिशेब करणाऱ्यांनीं घरभाडें आणि घरपट्टी इकडे चालूच राहते हें बहुधा सोयीस्करपणें विसरून टाकलें होतें. तथापि त्या विचाराच्या मुळाशीं असलेली व्यथा खोटी नव्हती. म्हाताऱ्या माणसाला थंडी हाडांत शिरते, अंधारानें मन खचतें, आणि आठ दिवसांच्या उन्हानें त्याला खरोखरच उभारी येते.

२५ डिसेंबरला दक्षिण किनाऱ्यावर दिसणारें दृश्य मौजेचें असतें. लाल टोप्या घातलेलीं माणसें पोहण्याच्या कपड्यांत वाळूवर फिरत असतात. इंग्रजी खाणावळींत दुपारीं दोन वाजतां टर्की, बटाटे आणि पुडिंग. बाहेर मात्र ताडाचीं झाडें. नाताळचें फूल म्हणून उत्तर युरोपांत ज्या पॉइन्सेटियाची कुंडी तापविलेल्या खोलींत जपावी लागते, तें येथें रस्त्याच्या कडेला पुरुषभर उंच वाढून लालभडक झालेलें असतें. प्लाया देल इंग्लेस या वसाहतींत १९७१ सालीं उघडलेलें एक सर्वपंथीय प्रार्थनामंदिर आहे. तेथें एकाच छपराखालीं निरनिराळ्या पंथांचे लोक आपापल्या भाषांत पाळीपाळीनें उपासना करतात.

परंतु त्या दिवशीं सकाळीं साडेसातला याच वसाहतींत बसमधून उतरणाऱ्या बायकाहि असतात. हॉटेलांतील खोल्या नाताळच्या दिवशीं आपोआप आवरल्या जात नाहींत. एकीच्या वांट्याला दिवसाकांठीं वीस-वीस खोल्या येतात अशी त्यांची तक्रार आहे. पलंग ओढून पाठ जाते, मनगटें जातात. २०१६ सालीं स्पेनमधील अशा कामकरी स्त्रियांनीं आपली संघटना उभारली. तिचें नांव 'लास केलीज'. साफसफाई करणाऱ्या या अर्थाच्या स्पॅनिश शब्दांचा विनोदी अपभ्रंश. 'सर्व कांहीं दरांत समाविष्ट' असें जाहिरातींत छापलेलें असतें, त्यांत यांचीं मनगटेंहि समाविष्ट असतात.

द्वीपसमूहाची लोकसंख्या सुमारें २२ लाख. २०२४ सालीं तेथें आलेल्या पाहुण्यांची संख्या पावणेदोन कोटींच्या वर गेली. बेटांच्या उत्पन्नाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग आणि दहांपैकीं चार नोकऱ्या याच धंद्यावर अवलंबून आहेत. असें असूनहि तेथील जवळजवळ एक-तृतीयांश लोक युरोपीय मोजमापाप्रमाणें दारिद्र्याच्या किंवा वंचनेच्या छायेंत गणले जातात. राहतीं घरें पाहुण्यांना दिवसांच्या हिशेबानें भाड्यानें देणें मालकाला किफायतीचें झाल्यापासून शिक्षकाला, नर्सला आणि त्या खोल्या आवरणाऱ्या बाईला घर मिळेनासें झालें. पाण्याचीहि तीच गत. लांसारोते बेटावर १९६० च्या दशकाच्या मध्यास समुद्राचें पाणी गोडें करण्याचें यंत्र बसलें म्हणून तेथें वस्ती वाढूं शकली. आणि २०२४ सालीं तेनेरिफेवर पाणीटंचाईची आणीबाणी जाहीर करावी लागली.

त्या वर्षीं २० एप्रिल रोजीं बेटाबेटांतून लोक रस्त्यावर आले. सरकारी अंदाजानेंहि त्यांची संख्या ५० हजारांवर होती. 'कॅनरीला मर्यादा आहे' ही त्यांची घोषणा. पाहुणे नकोत असें त्यांतील बहुतेकांचें म्हणणें नव्हतें. पाहुण्यांसाठीं यजमानालाच घर सोडावें लागूं नये, एवढेंच होतें. या मागणीला भावनाविवश म्हणून उडवून लावणारे हॉटेलवाले तेथेंहि आहेत. त्यांच्या बाजूनें एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. हा धंदा येण्यापूर्वीं बेटांवरील तरुण होडींत बसून परागंदा होत होता, आणि तो धंदा आल्यावर तें थांबलें. ज्या आजोबांनीं व्हेनेझुएलाची वाट धरली त्यांची नात आज हॉटेलांत हिशेबनीस आहे, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. अडचण अशी कीं ऊस, मद्य आणि किरमिजी रंग यांच्यानंतर हेंहि पुन्हां एकच पीक आहे.

होड्या आजहि येतात, पण आतां त्या दक्षिणेकडून येतात. सेनेगल, मॉरिटानिया इत्यादि देशांतून २०२४ सालीं ४६ हजारांहून अधिक माणसें लांकडी होड्यांतून या बेटांवर उतरलीं. कितीजण वाटेंतच बुडाले याची मोजदाद नाहीं. आर्गिनेगिन हें ग्रान कनारियावरील एक लहानसें बंदर. तेथें नॉर्वेच्या लोकांचें मंदिर आहे आणि नाताळांत तेथें नॉर्वेजियन भाषेंत गाणीं होतात. याच गांवच्या धक्क्यावर २०२० च्या नोव्हेंबरांत दोन हजारांवर आफ्रिकी माणसें उघड्यावर, सिमेंटवर झोंपलीं होतीं. उबेच्या आशेनें दोघेहि आले. एकाजवळ परतीचें तिकीट होतें.

मराठी माणसाला या साऱ्या प्रकाराची दुसरी बाजू, म्हणजे यजमानाची बाजू, अधिक ओळखीची वाटेल. गोव्यांतील दाबोळीच्या विमानतळावर १९८० च्या दशकापासून युरोपांतील खास विमानें हिवाळ्यांत उतरूं लागलीं, आणि किनाऱ्यावरील गांवांत नाताळच्या आठवड्याचे भाव, पाण्याचे टँकर आणि घरभाडीं यांविषयीं जें बोलणें ऐकूं येतें तें कॅनरीच्या बोलण्याहून फार निराळें नाहीं.

यजमानाचा सणहि निराळा असतो, आणि तो पाहण्यासारखा असून पाहुणे तो क्वचितच पाहतात. २२ डिसेंबरला सकाळपासून घरोघर सोडतीचे आंकडे ऐकत बसतात. माद्रिदच्या शाळेंतील मुलें ते गाऊन सांगतात. घरांत 'ट्रुचा' तळण्याचा घाट चाललेला असतो. या शब्दाचा मूळ अर्थ एक मासा; पण पदार्थ म्हणजे रताळें आणि बदाम यांचें गोड सारण भरून, कडा दुमडून तळलेली अर्धचंद्राकृति पुरी. कोणतीहि मराठी गृहिणी तिला पाहतांच करंजी म्हणेल. लास पाल्मासच्या किनाऱ्यावर येशुजन्माचा देखावा वाळूंत कोरतात. २००६ पासून ही प्रथा चालत आली आहे. ३१ तारखेस मध्यरात्रीं घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षें खावयाचीं. बेटांचें घड्याळ माद्रिदच्या मागें एक तास असल्यामुळें तेथील लोक राजधानीचें नवें वर्ष आधीं ऐकतात आणि मग आपलें साजरें करतात.

पण मुलांचा खरा सण पुढेंच असतो. स्पेनमध्यें भेटी आणतात ते सांता क्लॉज नव्हेत, तर पूर्वेकडून आलेले तीन राजे; आणि ते येतात ५ जानेवारीच्या रात्रीं. तोंपर्यंत लीड्स आणि गोथेनबर्गचीं कुटुंबें लाल झालेल्या खांद्यांनीं घरीं पोंचलेलीं असतात. त्यांच्या मुलांच्या शाळा उघडणार असतात. ५ तारखेच्या संध्याकाळीं राजांची मिरवणूक गांवांतून निघते, मिठाई उधळली जाते, रस्ते मुलांनीं भरून जातात. ज्या बाईनें २५ डिसेंबरला परक्याच्या वीस खोल्या आवरल्या ती त्या रात्रीं पाळी बदलून घेतां आली तर आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन उभी असते. मुलें खिडकीशीं आपले बूट मांडून ठेवतात आणि राजांच्या उंटांसाठीं भांड्यांत पाणी ठेवून निजतात. त्याच सुमारास दक्षिणेच्या विमानतळावर, जानेवारीच्या कमी दरानें आलेले पेन्शनर आपापल्या पेट्या शोधीत असतात.